शिवारात एकही बांध नाही, आणि भांडण मिटवायला पबमध्ये कोर्ट भरतं!

नोव्हेंबर संपत आलाय. इंग्लंडमधल्या एका खेड्यातून ट्रॅक्टर निघतो. मागच्या ट्रॉलीत गावातलेच शेतकरी दाटीवाटीने बसलेत. पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट, सोबत लाकडी खुंट आणि ते ठोकायला हातोडा. ही मंडळी कामाला चाललेली नाहीत. ती आहेत गावच्या कोर्टाची ज्युरी, म्हणजे आपल्या भाषेत पंच. आज ती गव्हाच्या शेतात उतरून कोणी कोणाच्या जमिनीत नांगर घातलाय, कोणी रस्ता कोरलाय, कोणी चर साफ केलेला नाही हे बघणार. मग पबमध्ये बसून जेवणार आणि दंड ठरवणार.

हे काही पर्यटकांसाठी बसवलेलं नाटक नाही. या कोर्टाला ब्रिटिश संसदेच्या कायद्याने आजही मान्यता आहे.

गावाचं नाव लॅक्स्टन. रॉबिन हूडमुळे जगभर माहीत झालेलं शेरवूडचं जंगल ज्या नॉटिंगहॅमशायर परगण्यात आहे, तिथलंच हे छोटंसं खेडं. एक चर्च, एक पब, लाल विटांची घरं. गाडीतून जाणाऱ्याला थांबावंसं वाटेल असं काही दिसत नाही. पण गावाबाहेर पडलं की काहीतरी वेगळं आहे हे जाणवायला लागतं. इंग्लंडच्या ग्रामीण भागाचा फोटो डोळ्यासमोर आणा. हिरवी शेतं आणि प्रत्येक शेताभोवती झुडपांचं कुंपण, बरोबर? लॅक्स्टनमध्ये मात्र शेकडो एकराचं शिवार सलग पसरलेलं दिसतं. मध्ये कुंपण नाही, भिंत नाही, बांधही नाही. आणि तरीही ते एकाच्या मालकीचं मोठं शेत नाही. त्यात अनेक शेतकऱ्यांचे पट्टे एकमेकांना चिकटून आहेत.

मध्ययुगात इंग्लंडच्या मध्य भागातली बहुतेक गावं अशीच शेती करायची. या पद्धतीला खुल्या शेतांची पद्धत म्हणतात. बाकीच्या गावांत ती संपली, लॅक्स्टनमध्ये राहिली. डेव्हनमधलं ब्राँटन आणि लिंकनशायरमधल्या ॲक्सहोमसारख्या ठिकाणी तिचे अवशेष आहेत, पण तीन मोठी शेतं, ठरलेली फेरपालट आणि ती सांभाळणारं कोर्ट असं सगळं जिवंत आहे ते फक्त इथे.

तर ही पद्धत चालते कशी?

गावाची तीन मोठी शेतं आहेत. वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड. एका वर्षी एका शेतात हिवाळी गहू पेरायचा. दुसऱ्या शेतात वसंतात पेरायचं पीक, म्हणजे बार्ली किंवा घेवड्याच्या जातीचं काहीतरी. तिसरं शेत पडीक ठेवायचं, जमिनीला विश्रांती द्यायची. पुढच्या वर्षी चक्र एक घर पुढे सरकतं. पूर्वी पडीक शेतात सगळ्या गावाची जनावरं चरायची आणि त्यांच्या शेणाने जमीन पुन्हा तयार व्हायची. हल्ली ते शेत अगदी मोकळं न ठेवता त्यात चाऱ्याचं पीक किंवा गवत घेतात, पण क्रम तोच आहे.

प्रत्येक शेतकऱ्याचे पट्टे तिन्ही शेतांत विखुरलेले असतात. कारण उघड आहे. एखाद्याची सगळी जमीन एकाच शेतात असती, तर ते शेत पडीक ठेवायच्या वर्षी त्याने खायचं काय?

पण एकाच शेतातसुद्धा एकाचे पट्टे चार ठिकाणी का? यावर इतिहासकारांचं एकमत नाही. काहींच्या मते हा जमिनीचा न्याय होता. चांगली माती, चिबड माती, गावाजवळची जमीन, लांबची जमीन, सगळ्यांना सगळ्यातलं थोडं थोडं. काही अर्थतज्ज्ञ याला गरिबाचा पीक विमा म्हणतात. एका कोपऱ्यात पाणी साचलं, दुसरीकडे कीड पडली, तरी सगळंच एकदम हातचं जात नाही. आणि १९३८ साली चार्ल्स ऑर्विन यांनी पत्नीसह लॅक्स्टनवर जे पुस्तक लिहिलं, त्यात त्यांनी सगळं खापर नांगरावर फोडलं.

त्यांचं म्हणणं असं. मध्ययुगातला तो नांगर अवजड होता आणि लॅक्स्टनची माती जड चिकणमाती. ती फोडायला सहा-आठ बैल लागायचे. एवढे बैल एकट्याकडे कुठून असणार? मग दोघा-चौघांनी आपापले बैल आणून नांगर जुंपायचा आणि रोज एकेकाचा पट्टा नांगरून द्यायचा. असा वाटा वाढत गेला की प्रत्येकाचे पट्टे आपोआप सगळीकडे पसरणार. शिवाय आठ बैलांचं औत वळवणं म्हणजे दिव्यच. त्यामुळे पट्टा रुंद आणि आखूड करण्यापेक्षा लांबलचक आणि अरुंद केलेला बरा, म्हणजे वळण कमी घ्यावं लागतं.

इथे जरा थांबू, कारण या बैलांचा तुमच्या-आमच्याशी संबंध आहे. बैल न थांबता जेवढं ओढतील त्या एका तासाच्या, म्हणजे नांगराच्या रेघेच्या, लांबीला इंग्रजीत फर्लांग म्हणू लागले. पुढे तो २२० यार्ड ठरला. एक फर्लांग लांब आणि २२ यार्ड रुंद एवढी जमीन म्हणजे एक एकर, साधारण एका दिवसाची नांगरट. आता २२ यार्ड हा आकडा कुठे ऐकलाय? क्रिकेटची खेळपट्टी! दोन्हीकडच्या स्टंपमधलं अंतर म्हणजे एका एकराच्या पट्ट्याची रुंदी, ६६ फूट. आणि त्याच्या बरोबर निम्मे, म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, हा आपला गुंठा. असे ४० गुंठे मिळून एक एकर होतो. प्लॉट घेताना ‘गुंठ्याचा भाव काय’ असं विचारणारा माणूस नकळत मध्ययुगातल्या इंग्लंडच्या औताच्याच मापात बोलत असतो.

पुन्हा लॅक्स्टनकडे येऊ.

जिथे बांधच नाही, तिथे बांध कोरणार तरी काय? पण माणूस तो माणूसच. पट्टा नांगरताना एखादा तास शेजाऱ्याच्या जमिनीत घालायचा मोह इथेही होतोच. काही वेळा मुद्दाम, काही वेळा नजरचुकीने. दोन पट्ट्यांमध्ये खूण म्हणून असते ती फक्त नांगराने पडलेली एक सरी आणि टोकाला ठोकलेला खुंट. एका वर्षी एक तास, पुढच्या खेपेला अजून एक, असं करत दहा वर्षांत शेजाऱ्याची निम्मी जमीन गिळता येईल. त्याहून सोपं सावज म्हणजे सार्वजनिक जमीन, म्हणजे शेतातला रस्ता किंवा गवताचा पट्टा. ती कोरली तर कोण विचारतंय?

लॅक्स्टनमध्ये ज्युरी विचारते. या कोर्टाला कोर्ट लीट म्हणतात. जमीनदाराच्या अखत्यारीत चालणारं हे गावपातळीचं न्यायालय पूर्वी इंग्लंडभर होतं. दरवर्षी नव्या गव्हाचं जे शेत असेल, ते ज्युरी पायी फिरून तपासते. म्हणजे प्रत्येक शेताची तपासणी तीन वर्षांतून एकदा होते. हद्द पुसट झाली असेल तिथे नव्याने खुंट ठोकले जातात. मग आठवडाभराने, डिसेंबरच्या सुरुवातीला, गावातल्या डव्हकोट इन नावाच्या पबमध्ये कोर्ट भरतं. जमीनदाराचा प्रतिनिधी अध्यक्षस्थानी. ज्युरीचा म्होरक्या यादी वाचतो, कोणी काय केलं आणि दंड किती. ज्याचं नाव आलं, त्याला आपली बाजू मांडता येते. त्याच बैठकीत पुढच्या वर्षीच्या ज्युरीला शपथ दिली जाते.

दंड किती? हसू येईल इतका कमी. काही पौंड फक्त. तेवढ्यासाठी कोणी घाबरेल असं वाटत नाही. पण विचार करा, तुमचं नाव अख्ख्या गावासमोर वाचलं जातंय, आणि समोर बसलेल्या प्रत्येकाला तुमच्या पट्ट्याची रुंदी माहीत आहे. उद्या त्यांच्याचकडून तुम्हाला ट्रॉली उसनी मागायची आहे. शिवाय आज जो ज्युरीत आहे, तो पुढच्या वेळी आरोपी असू शकतो. त्यामुळे कोणी फार ताणत नाही आणि कोणाला फार सोडतही नाही.

१९७७ साली ब्रिटनमध्ये न्यायव्यवस्थेतली जुनी अडगळ साफ करणारा कायदा झाला आणि अशा जुन्या कोर्टांचे खटले चालवण्याचे अधिकार काढून घेतले गेले. त्या कायद्यात लॅक्स्टनच्या कोर्टाचा मात्र नावानिशी अपवाद केलाय.

गावात कोंडवाडाही आहे. भटकी जनावरं त्यात कोंडायची आणि मालकाने पैसे भरून सोडवायची. हा प्रकार मराठी वाचकाला काही समजावून सांगायला नको.

आता गवताच्या पट्ट्यांबद्दल. शिवारात जिथे उतार आहे, पाणी वाहून जातं, तिथली जमीन नांगरत नाहीत. तिथे गवत वाढू देतात. या पट्ट्यांना तिथले लोक ‘साइक’ म्हणतात. दर उन्हाळ्यात या गवताचा लिलाव होतो आणि जो बोली जिंकतो तो कापून नेतो. शतकानुशतकं नांगर न लागल्यामुळे या पट्ट्यांत रानफुलांच्या अशा जाती टिकल्यात, ज्या आसपासच्या शेतांतून कधीच गेल्या. त्यामुळे हे पट्टे आज निसर्गाच्या दृष्टीने संरक्षित जाहीर झालेले आहेत. म्हणजे फुलं वाचवायला कोणी निघालं नव्हतं. पाणी वाहून जावं एवढाच हेतू होता.

गाव जुनं किती? १०८६ साली विल्यम राजाने इंग्लंडची जी मोठी मोजदाद केली, त्या डोमस्डे बुकात लॅक्स्टनची नोंद आहे. पुढे इथे एक किल्ला उभा राहिला. मातीचा उंच ढिगारा आणि त्यावर गढी, असा. शेरवूडच्या राजाच्या जंगलाची राखण ज्यांच्याकडे होती ते घराणं इथे राहायचं. गढी गेली, ढिगारा आजही गावाच्या उत्तरेला आहे. चर्चमध्ये त्या घराण्यातल्या लोकांचे पुतळे झोपलेल्या स्थितीत आहेत. त्यातला एका स्त्रीचा पुतळा चक्क ओक लाकडाचा आहे.

पण लॅक्स्टनचा खरा खजिना किल्ला नाही, नकाशा आहे. १६३५ मध्ये गाव सर विल्यम कोर्टेन नावाच्या लंडनच्या बड्या व्यापाऱ्याच्या हाती होतं. त्याने मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराकडून सगळ्या शिवाराची मोजणी करून घेतली. पिअर्सने चर्मपत्राच्या नऊ तुकड्यांवर नकाशा काढला. प्रत्येक घर, प्रत्येक कुरण आणि शेतातला एकेक पट्टा त्यात दाखवलाय. सोबतच्या वहीत कोणता पट्टा कोणाकडे आणि केवढा याची नोंद. एवढ्यावर न थांबता त्याने शेतांत नांगरणारी, कापणी करणारी, शिकारीला निघालेली बारीक बारीक माणसंही काढली. आज हा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्या काळच्या इंग्लिश खेड्याचं इतकं बारीक चित्र क्वचितच कुठे मिळतं. गंमत म्हणजे ज्याने तो हौसेने करून घेतला, तो कोर्टेन पुढच्याच वर्षी वारला. घराणं कर्जात होतं. गाव लवकरच पिअरपाँट घराण्याकडे गेलं. हेच पुढे अर्ल मॅनव्हर्स झाले आणि त्यांनी तीनशेहून जास्त वर्षं लॅक्स्टन सांभाळलं.

मग बाकीच्या गावांचं काय झालं?

तिथे कुंपणं आली. खुली शेतं आणि गायरानं मोडून त्यांचे सलग तुकडे करायचे आणि ते एकेकाच्या नावावर लावायचे, या प्रकाराला इंग्लंडच्या इतिहासात ‘एन्क्लोजर’ म्हणतात. आधी आपसात समझोत्याने, मग संसदेच्या कायद्याने. १६०४ ते १९१४ या काळात असे ५,२०० हून अधिक कायदे झाले आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन, म्हणजे इंग्लंडच्या एक पंचमांशाहून जास्त, कुंपणात गेली. ज्यांच्याकडे मोठी जमीन होती त्यांना याचा फायदाच झाला. सलग शेतात नवी पिकं घेता आली, पाण्याचा निचरा करता आला, जातिवंत जनावरं वेगळी ठेवता आली. उत्पादन वाढलं हेही खरं. पण ज्याच्याकडे एखादी गाय आणि ती गायरानात चारायचा हक्क एवढंच होतं, त्याचा हक्क गेला. गाय विकायची आणि मजुरीला जायचं, किंवा सरळ शहर गाठायचं. हेल्पस्टन गावचा शेतमजूर कवी जॉन क्लेअर आयुष्यभर ज्या दुःखावर लिहीत राहिला, ते हेच. आज पोस्टकार्डावर सुंदर दिसणारी ती कुंपणांची नक्षी बऱ्याच ठिकाणी या काळात आखली गेली आहे.

लॅक्स्टन यातून कसं सुटलं? कोणी आंदोलन केलं म्हणून नाही. अठराव्या शतकात इथल्याही काही भागाला कुंपण घातलं गेलंच. पण उरलेल्या शेतांत जमीनदाराच्या जोडीला इतरही मालक होते, त्यांचे पट्टे एकमेकांत अडकलेले होते, आणि सगळ्यांना राजी करून कायदा करून घ्यायचा तर खर्च मोठा. मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी धान्याचे भाव कोसळले आणि शेतीत पैसा घालण्यात राम उरला नाही. थोडक्यात, करू करू म्हणता राहून गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अर्ल मॅनव्हर्सने पट्टे एकत्र करून थोडे मोठे केले, संख्या कमी केली, पण पद्धत मोडली नाही. कदाचित त्यामुळेच ती टिकली, कारण जुने बारीक पट्टे यंत्राच्या काळात कोणालाच परवडले नसते.

याची एक खूण गावाच्या रस्त्यावरच दिसते. एन्क्लोजर झालेल्या गावांत शेतकरी आपल्या सलग शेतात घर बांधून राहायला गेला. लॅक्स्टनमध्ये जमीन चारी दिशांना विखुरलेली, मग जायचं कुठे? त्यामुळे शेतकऱ्यांची घरं, गोठे, कोठारं आजही गावातल्या मुख्य रस्त्याला लागूनच आहेत. सकाळी ट्रॅक्टर निघतात ते गावातूनच.

विसाव्या शतकात अनेकांना वाटायला लागलं की हे गाव जपलं पाहिजे. पण जपायचं म्हणजे कोणी? १९५२ मध्ये मॅनव्हर्स यांनी लॅक्स्टन सरकारच्या शेती मंत्रालयाला विकलं. १९८१ मध्ये मंत्रालयाने ते क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजघराण्याच्या नावे असलेली मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडे दिलं. आणि २०२० मध्ये क्राउन इस्टेटनेही ते विकलं. घेतलं कोणी? शेजारच्या थोर्सबी इस्टेटने, म्हणजे मॅनव्हर्स घराण्याच्याच वारसांनी. ६८ वर्षांनी गाव फिरून मूळ घरी आलं.

यातली एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. लॅक्स्टनकडे बोट दाखवून ‘बघा, गावकरी एकत्र आले की काय होतं’ असं म्हणायचा मोह होतो. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या शास्त्रज्ञाने गाजलेल्या निबंधात मांडलं होतं की सामाईक कुरण असलं की प्रत्येक जण जास्तीत जास्त जनावरं सोडणार आणि कुरण उजाड होणारच. लॅक्स्टनसारखी गावं याला सरळ उत्तर आहेत. सामाईक म्हणजे बेवारस नसतं, त्याला नियम असतात, पंच असतात. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते जगभरातली अशी उदाहरणं अभ्यासूनच. हे सगळं बरोबर आहे. पण लॅक्स्टनचे शेतकरी बहुतांशी कुळं आहेत. जमीन त्यांची नाही. ही पद्धत त्यांनी रोजच्या रोज चालवली आणि जमीनदाराने ती मोडायची नाही असं ठरवलं, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हा ती टिकली.

आणि पुढची अडचण जमीनदाराची नाहीच, हिशोबाची आहे. आज खुली शेतं उरलीत ती साधारण ४८० एकर. ती कसणारे शेतकरी वीसच्या आत. नुसत्या पट्ट्यांवर कोणाचं घर चालत नाही. प्रत्येकाकडे कुंपणातली वेगळी जमीन आहे आणि खरी कमाई तिथे किंवा दुधातून होते. आजचं कापणी यंत्र मोठ्या सलग शेतासाठी बनतं. ते अरुंद पट्ट्यात घालायचं, वळवायचं, मग दुसऱ्या शेतातल्या आपल्या पट्ट्याकडे रस्त्याने न्यायचं, यात डिझेल आणि वेळ दोन्ही जातं. वर अट अशी की या शेतात यंदा काय पेरायचं हे तुम्ही ठरवायचं नाही, चक्राने ठरवायचं. बाजारात भाव कशाला आहे याच्याशी चक्राला देणंघेणं नाही.

तरुण मुलाने हे का करावं, याचं उत्तर कोर्टाकडे नाही. कोर्ट फक्त हद्द सांगू शकतं. डिसेंबरच्या त्या बैठकीत नावं पुकारली जातात, दंड वसूल होतो, पुढच्या शेतासाठी नवी ज्युरी शपथ घेते. मग मंडळी काउंटरकडे वळतात आणि बाहेर वेस्ट, साउथ किंवा मिल, ज्याची पाळी असेल त्या शेतात, गहू थोडासा वर आलेला असतो.